कुत्रीला एकदा पिल्लं झाली की काही होत नाही? खोटं आहे हे

चार दिवस झाले कोल्हापुरातल्या ग्रुपवर मेसेज फिरतोय की कुत्रीला एकदा पिल्लं होऊ द्या मग गर्भाशय साफ होतं, नसबंदीचं ऑपरेशन नको, गर्भाशयात पू (पायोमेट्रा) आलाच तर हळद आणि पाच दिवस अँटिबायोटिक बास. वाचून गप्प बसवेना, कारण राजारामपुरीत आमच्या शेजारची कुत्री राणी ह्याच सल्ल्यापायी मरता मरता वाचली.

पहिलं, पिल्लांचं. हीट, म्हणजे माज, होऊन गेली की कुत्री गाभण असो नसो, जवळपास 2 महिने प्रोजेस्टेरॉन हे गाभणपणाचं हार्मोन चढलेलं असतं, गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, आकुंचन थांबतं, आणि हीटमध्ये वर गेलेले जंतू, बहुतेक वेळा ई कोलाय, आत वाढायला लागतात. हे दर हीटला होऊ शकतं. पिल्लं झाल्यानं धोका थोडा कमी होत असेल पण जात नाही. आणि हीट येऊ नये म्हणून जे इंजेक्शन मारून आणतात ना, ते ह्याच जातीचं हार्मोन, त्यानं धोका उलट वाढतो.

दुसरं, "पू दिसला तर बघू". राणीला पू दिसलाच नाही ओ. हीट संपून सहा आठवडे झालेले, भर पावसाळा, आणि दारातली बादली दिवसात तीनदा भरायला लागायची, रात्रभर लघवीला बाहेर, मग जेवण सोडलं, उलट्या. जंतूंचं विष किडनीवर जातं म्हणून ही तहान. गर्भाशयाचं तोंड बंद असलं की पू आतच साठतो, तो प्रकार जास्त घातक, आणि ताप असेलच असंही नाही.

तिसरं, अँटिबायोटिक. नुसत्या गोळ्यांनी पुवानं भरलेली पिशवी रिकामी होत नाही. आधी सलाईन, सोबत अँटिबायोटिक, आणि लगेच गर्भाशय-अंडाशय काढायचं, हाच खरा इलाज. गर्भाशय आवळून पू बाहेर काढणारी प्रोस्टाग्लँडिनची इंजेक्शनं असतात, पण ती पुढं पिल्लं घ्यायचीच आहेत, तोंड उघडं आहे आणि तब्येत धडधाकट आहे अशा कुत्रीला, डॉक्टरांच्या नजरेखाली, आणि तरी पुढच्या हीटला परत व्हायची भीती असतेच.

नसबंदीला "निसर्गाविरुद्ध" म्हणणाऱ्यांनी एकदा राणीच्या ऑपरेशनचा तो ट्रे बघावा. पेन्सिलीएवढी असायची ती गर्भाशयाची नळी मनगटाएवढी तट्ट फुगलेली होती, डॉक्टर म्हणाले आत फुटली असती तर संपलं होतं. धडधाकट असताना नसबंदी केली असती तर निम्म्याहून कमी खर्चात आणि एवढी जोखीम न घेता झालं असतं.

तिसऱ्या दिवशी राणीनं दूध-भाकरी खाल्ली. बादली आता संध्याकाळपर्यंत अर्धी तशीच असते.