पंप मर्यादेत आहे म्हणे

आमच्या पार्ल्याच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय. सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणतात, रात्री कुणी फ्लश केलं की गच्चीवरचा प्रेशर पंप सुरू होतो, डोक्यात घूंऽऽ भरतं, छातीवर दडपण येतं, झोप उडते ती उडतेच. मग कमिटीतले एक उत्साही सभासद मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप घेऊन त्यांच्या बेडरूममध्ये गेले, खोलीच्या मधोमध उभे राहिले. आकडा आला ४१ डेसिबल. रात्रीची मर्यादा ४५. झालं! खाली अंगठ्यांची रांग लागली, आणि मग ते ठरलेलं वाक्य: "मुंबईत राहायचं आणि आवाजाची तक्रार करायची?" एकाने काकूंना हिमालयाचं तिकीटही सुचवलं.

जर्मनीत श्टुटगार्टमध्ये बसून हे वाचताना माझं डोकं फिरतं. तक्रार खोटी ठरवली याचा राग आहेच, पण जास्त चीड येते ती सहनशक्तीच्या मिजाशीची. आम्ही लोकल सोसतो, पायलिंग सोसतो, विसर्जनाच्या मिरवणुकीत डॉल्बीने खिडक्यांच्या काचा थरथरल्या तरी सोसतो, मग तुम्हाला एक पंप सोसवत नाही? मुंबईने आवाजाविरुद्ध जी काही लढाई केली ती भोंगे, फटाके आणि डीजेविरुद्ध. ती खरीच होती. सुमैरा अब्दुलअली आणि त्यांचं आवाज फाउंडेशन वर्षानुवर्षं मीटर घेऊन सणासुदीला रस्त्यावर उतरले, कोर्टात गेले, म्हणून तर आज सोसायटीच्या ग्रुपवरही डेसिबलची भाषा चालते. पण त्या भाषेत जो ओरडतो तोच आरोपी. जो नुसता गुरगुरतो तो सुटतो.

कसा सुटतो तेही सांगतो. आपल्याकडचे ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, आणि हे मोजायचं 'ए' स्केलवर. हा स्केल खालच्या सुरांना भरघोस सूट देतो. ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० कंपनांच्या, आवाजातून तो तब्बल ३० डेसिबल वजा करतो. म्हणजे पंपाची घरघर प्रत्यक्षात ६० असली तर कागदावर ३० उरते. त्यात मोबाइलचा माइक माणसाचं बोलणं टिपायला बनवलेला, तळाचे सूर तो धड पकडतही नाही. सभासदांना सापडलेले ४१ बहुधा खालच्या रिक्षांचे असावेत.

आणि ते उभे कुठे होते? मधोमध! गच्चीवरचे असे बरेच पंप मिनिटाला २९०० च्या आसपास फेऱ्या मारतात, म्हणजे सेकंदाला ४८. त्या आवाजाच्या लाटेची लांबी साधारण सात मीटर. तिची अर्धी लांबी म्हणजे जवळजवळ बारा फूट, आणि आपल्याकडची बेडरूम किती? दहा बाय बारा. लाट दोन भिंतींमध्ये नेमकी बसते, भिंतीपाशी जोर धरते आणि मधोमध जवळजवळ मरते. काकूंची उशी भिंतीला टेकलेली आहे. मी त्या खोलीत लहानपणी पत्ते खेळलोय, पलंग दुसरीकडे कुठे मावतच नाही.

दादाने माझ्या तोंडावर टाओसची लिंक मारली. न्यू मेक्सिकोतल्या त्या गावात काही लोकांना सतत घुमणं ऐकू यायचं. १९९३ साली शास्त्रज्ञांनी तपासलं, विचारलेल्यांपैकी सुमारे दोन टक्क्यांना ते ऐकू येत होतं आणि उगम काही सापडला नाही. "बघ, मनाचे खेळ," दादा म्हणाला. मी त्याला कॅनडातलं विंडसर पाठवलं. तिथले लोक २०११ पासून घरघरीची तक्रार करत होते, बोट नदीपलीकडच्या झुग आयलंडवरच्या पोलाद कारखान्याकडे होतं. २०२० मध्ये तिथल्या भट्ट्या थंडावल्या आणि घरघर थांबली. मन एकदम सगळ्यांचं कसं बरं झालं?

ऐकण्याचा उंबरठा माणसागणिक दहा डेसिबलने सहज वेगळा असतो. त्यातून खालच्या सुरांचा स्वभाव असा की उंबरठा जरा ओलांडला की आवाज झपाट्याने मोठा वाटू लागतो. एकाला काहीच नाही आणि शेजारच्याला नकोसं, हे दोन्ही एकाच खोलीत खरं असू शकतं. वयाबरोबर वरचे सूर कमी ऐकू येतात, मग घरघर झाकणारं बाकी काही उरत नाही. काकूंच्या वयाची थट्टा करणाऱ्यांनी हे वाचावं.

इथे जर्मनीत साधारण निवासी भागात दिवसाची मर्यादा मुंबईसारखीच ५५ आहे, रात्री ४०. पण खालच्या सुरांसाठी डीआयएन ४५६८० हे वेगळं जर्मन मानक आहे. खालचे सूर फारसे न कापणारा 'सी' स्केल आणि 'ए' स्केल यांच्या आकड्यांत वीसहून जास्त फरक पडला की प्रकरण त्याखाली तपासायचं. हे मी ग्रुपवर लिहिलं तेव्हा थोडा ताठा आला असेल, कबूल. ज्या देशात रविवारी रिकाम्या बाटल्या टाकायला गेलं की खळखळाटाने वरून खिडकी उघडते, तिथे राहून माणूस थोडा तसा होतोच.

जे ग्रुपवर लिहिलं नाही ते इथे लिहितो. शेजाऱ्यांनी घर गरम करणारा हीटपंप बसवला तेव्हापासून मलाही रात्री तेच घूंऽऽ ऐकू येतं. केअरवोखच्या, म्हणजे इथल्या पाळीपाळीच्या साफसफाईच्या, दिवशी जिना पुसताना मी शेजाऱ्याशी विषय काढला. तो अगदी सौजन्याने हसून म्हणाला, "पण तुम्ही तर मुंबईचे ना? तुम्हाला सवय असेल." हाउसफरवाल्टुंगला, म्हणजे बिल्डिंगचा कारभार पाहणाऱ्यांना, लिहायला घेतलेलं पत्र अजून लॅपटॉपमध्ये पडून आहे. मानक माझ्याही बाजूने असेल, पण ते मागायला निघालं की आपण कुठून आलो हे आधी समोर येतं. ते घूंऽऽ झाकायला हिवाळ्यात टेबलफॅन लावून झोपणारा या बिल्डिंगमध्ये मी एकटाच असेन. आणि पार्ल्यातल्या घराचा मेंटेनन्स मी भरत असलो तरी फ्लॅट दादाच्या नावावर, मत त्याचं.

मी मागतो ते फार नाही. रात्री रिक्षा थांबल्यावर, उशीपाशी, 'सी' स्केलवर, पंप बंद ठेवून एकदा आणि चालू करून एकदा मोजा. पंप थेट स्लॅबला बोल्ट केलेला असेल तर खाली स्प्रिंग किंवा जाड रबरी पॅड टाका, पाइपला लवचीक जोड द्या. भिंतीला फोम चिकटवून सात मीटरची लाट अडत नाही.

ग्रुपवर उत्तर आलं, "परदेशातून सल्ले सोपे असतात." दादाने मात्र वेगळा मेसेज केला: एजीएममध्ये विषय घेतो, पण तुझं नाव काढणार नाही, नाहीतर पंप राहील बाजूला आणि लोक जर्मनीवरच घसरतील. त्याचं बरोबरच आहे. पॅड कुठे आणि कसे बसवायचे याची व्हॉइस नोट मी थेट प्लंबरला पाठवून दिली.