आपण तर लीगल आलोय

रात्रीचे साडेबारा झालेत, भांडी सिंकमध्ये तशीच पडलीत, उरलेली मिसळ अजून गॅसवरच आहे आणि मी जिन्याच्या पायरीवर बसून टाइप करतेय, कारण हे आत्ता लिहिलं नाही तर आज झोप येणार नाही. मोठं होणार आहे. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी सोडून द्या.

आज आमच्याकडे, इथे इंग्लंडात, रेडिंग गावातली नेहमीची मंडळी आली होती. मिसळ, ताक, आणि नंतर पिक्चर. पिक्चर माझ्या हट्टाने लावलेला, चिल्ड्रन ऑफ मेन, 2006 चा, अल्फोन्सो क्वारोनचा. गोष्ट 2027 मधल्या ब्रिटनची आहे आणि 2027 आता दाराशी आलंय, तर म्हटलं बघूया की एका मेक्सिकन माणसाला तेव्हा हा देश पुढे कसा होईल असं वाटलं होतं. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, 18 वर्षं जगात एकही मूल जन्मलेलं नाही, का ते कुणालाच कळलेलं नाही, बाकीचे देश कोसळलेत आणि ब्रिटन तेवढा टिकून आहे असं सरकार रोज टीव्हीवर सांगतंय, आणि टिकून कसा आहे तर बाहेरून आलेल्या माणसांना पकडून पिंजऱ्यात घालून. रेल्वे स्टेशनवर पिंजरे, जाळीचे, आत म्हाताऱ्या बायका. आणि अशात 'की' (Kee) नावाची एक निर्वासित काळी मुलगी गरोदर आहे असं कळतं.

तर तो पिंजऱ्यांचा सीन चालू होता. पिक्चरचा हिरो थिओ, म्हणजे क्लाइव्ह ओवेन, त्या पिंजऱ्यांशेजारून सरळ चालत जातो, कॉफी-ऑफिस-घर करणारा माणूस, त्याला रोजचंच आहे ते. आत एक आजी जर्मनमध्ये काहीतरी बोलत असते, तिच्याकडे तो बघतही नाही. आणि आमच्या सोफ्यावरून आवाज आला, "पण बरोबरच आहे ना, इल्लीगलच आहेत ते." लगेच दुसरा आवाज, "आपण तर लीगल आलोय बाबा, सगळे पैसे भरून!" आणि सगळे हसले. सगळे म्हणजे सगळे, घरात सोळा वर्षांची माझी लेक बसलेली आहे, ती सोडून.

मी काही बोलले नाही. पाहुणे होते, मी ताक आणायला आत गेले. फ्रिजचं दार उघडून किती वेळ उभी होते मला माहीत नाही.

तुम्हाला ती व्हिसाच्या लाइनची गोष्ट माहितीये. लेकीच्या दरवर्षीच्या वाढदिवसाला मी सांगते, पाठ झाली असेल एव्हाना. फेब्रुवारी 2010, एक्स्टेन्शनसाठी स्वतः ऑफिसात जाऊन उभं राहायचं, अजून नीट उजाडलेलं नाही, बाहेर फुटपाथवर लाइन, बोटं बधिर झालेली, आणि लेक सात महिन्यांची, माझ्या कोटात. दारावरचा गार्ड सगळ्यांवर खेकसत होता, भिंतीला धरून उभे राहा, कागद हातात ठेवा, मोबाईल आत टाका. आणि लेकीने जे काही भोकाड पसरलं ना! अख्खी लाइन गप्प झाली. पुढच्या बाईने मागे वळून चुटकी वाजवली, कुणीतरी बिस्किट काढलं, माणसं आपणहून भिंतीला चिकटून वाट द्यायला लागली आणि तो गार्ड, तोच, हसत आला आणि आम्हाला सगळ्यांच्या पुढे आत घेऊन गेला. एका बाळामुळे! मी ही गोष्ट नेहमी इथेच थांबवते आणि तुम्ही सगळे "आई गं, किती गोड" म्हणता.

पिक्चरमध्ये शेवटाकडे अगदी हेच आहे. बेक्सहिल गावात निर्वासितांना कोंडलेल्या छावणीत धुमश्चक्री चाललीय, इमारतीवर रणगाड्यांचे गोळे, आणि आतून बाळाचं रडणं ऐकू येतं. 18 वर्षांत कुणी न ऐकलेला आवाज. गोळीबार थांबतो. की बाळाला घेऊन जिना उतरते, बायका हात लावायला पुढे होतात, सैनिक बंदुका खाली करतात, एखादा गुडघ्यावर बसतो, छातीवर क्रॉस काढतो. मी हा पिक्चर पाच-सहा वेळा तरी पाहिलाय आणि प्रत्येक वेळी इथे माझा घसा दाटतो. पण ती थोडी पुढे जाते, एक स्फोट होतो, आणि गोळीबार परत सुरू. कुणाचं मन वगैरे बदललेलं नसतं. बाळ समोर होतं तेवढा वेळ थांबले, एवढंच.

यावर आज आमच्याकडे चर्चा काय झाली? तर टेक, म्हणजे न तोडता सलग घेतलेला शॉट, किती लांब आहे! हो, आहे, सहा मिनिटांच्या वर आहे, लेन्सवर रक्ताचे थेंब उडालेत आणि ते तसेच ठेवलेत, इमॅन्युएल लुबेझ्कीचा कॅमेरा आहे तो, त्याला बाफ्टा, म्हणजे ब्रिटनचं ऑस्कर, मिळालं या पिक्चरसाठी, ऑस्करचं नॉमिनेशनही होतं, सगळं खरं. पण म्हणून फक्त तेवढंच बोलायचं? एक दादा म्हणाले, मुलं का होत नाहीत ते शेवटपर्यंत सांगितलंच नाही, स्क्रिप्ट कच्ची आहे. अहो, ते सांगायचंच नाहीये त्याला! पिक्चर ज्यावरून घेतलाय त्या पी. डी. जेम्सच्या कादंबरीत दोष पुरुषांच्यात आहे, क्वारोनने तो बायकांकडे नेला आणि कारण सांगायच्या भानगडीत पडलाच नाही, कारण पिक्चर आजारावर नाहीच आहे, आशा संपली की भली माणसं शेजाऱ्याचं काय करतात त्यावर आहे. आणि एक वहिनी म्हणाल्या फारच डिप्रेसिंग, वीकेंडला असलं कशाला. तेव्हाही लोकांना तेच वाटलं असणार. अमेरिकेत तर ऐन नाताळच्या दिवशी लावला होता, सात कोटींच्या वर डॉलर घातले आणि जेमतेम तेवढेच परत आले.

बरं, टाळ्या कुठे पडल्या सांगू? थिओचा म्हातारा मित्र झालेला मायकेल केन "शांती शांती शांती" म्हणतो तिथे. आणि अगदी शेवटी पडद्यावर तीनदा शांतिः येतं तिथे. "बघ, आपलं आहे!" आपलं आहे ना? मग लहानपणापासून पाठाच्या शेवटी जे आपण हात जोडून तीनदा म्हणतो, ते काय फक्त लीगल आलेल्यांसाठी मागतो का आपण? मला खरंच राग आलाय. लिहिताना अजून येतोय.

लीगल! 2024 चा ऑगस्ट विसरलात का हो? जुलैअखेर साउथपोर्टला त्या लहान मुलींवर चाकू चालला, आणि करणारा निर्वासित आहे अशा खोट्या बातम्या फिरल्या, आणि 4 ऑगस्टला रॉदरहॅमजवळ निर्वासितांना ठेवलेल्या हॉटेलवर जमाव चालून गेला, खिडक्या फोडल्या, आत माणसं असताना आग लावायचा प्रयत्न केला. त्या आठवड्यात आपल्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर काय चाललं होतं? मुलांना एकटं पाठवू नका, टाऊन सेंटरला जाऊ नका, साडी नेसून बसने जाऊ नका. आज सोफ्यावर बसून हसणाऱ्यांपैकीच एकाने लिहिलं होतं की आठवडाभर वर्क फ्रॉम होम घेतलंय. दगड मारणारा आधी तुमचं बीआरपी, म्हणजे इथे राहायच्या परवान्याचं कार्ड मागणार होता का? थांबा हं दादा, तुमचा आयएलआर, म्हणजे कायमचं राहायची परवानगी, झालाय का, मग तुम्ही पुढे व्हा, असं म्हणणार होता?

पिक्चरमध्ये ट्रेनमध्ये एक सरकारी जाहिरात दिसते, हा माझा डेंटिस्ट, ही माझी घर साफ करणारी, असं करत करत शेवटी, हे सगळे बेकायदा आहेत, यांना काम देणं, जेवण देणं, आसरा देणं गुन्हा आहे. म्हणजे काल ज्यांच्याशी बोलत होतो तेच. याद्या बदलतात हो. विंडरश जहाज 1948 ला आलं आणि पुढे वर्षानुवर्षं कॅरिबियनहून माणसं आली, ती कायद्यानेच आलेली होती. त्यांनी हॉस्पिटलं चालवली, बस चालवल्या, आणि पन्नासेक वर्षांनी त्यांनाच सांगितलं की कागद दाखवा. नोकऱ्या गेल्या, काहींना तर देशाबाहेर पाठवलं. 2018 ला बाहेर आलं हे सगळं, आपण इथेच होतो तेव्हा.

मान्य, देश म्हटला की नियम लागतात, दार सताड उघडं टाकून कुणाचंच घर चालत नाही. आणि हेही मान्य की आपण व्हिसाबरोबर सरकारी दवाखान्यांसाठी भरायच्या हेल्थ सरचार्जचे एका मोठ्या माणसाचे वर्षाला 1,035 पाउंड भरून, एकेक कागद गोळा करून इथे राहतो आणि त्याचा माणसाला अभिमान वाटतोच. मलाही वाटतो. पण पिंजऱ्याकडे बघून "बरोबरच आहे" हे तोंडातून कसं येतं?

बेक्सहिलला आम्ही गेलोय. खऱ्या. ईस्ट ससेक्समध्ये समुद्रावर आहे, एकदम निवांत गाव, बाकांवर म्हातारी जोडपी फिश अँड चिप्स खात बसलेली. तिथे किनाऱ्यावर डी ला वॉर पॅव्हेलियन म्हणून लांबच लांब पांढरी इमारत आहे, मोठाल्या काचा आणि गोल जिना, 1935 ची. ती ज्या दोघांनी बांधली त्यातला एक एरिक मेंडेलसोन, जर्मन ज्यू, 1933 ला हिटलर आल्यावर पळून आलेला. आजही लोक त्या गावाला जातात ते ती बघायला. आणि या पिक्चरमध्ये त्याच गावाची छळछावणी केलीय. क्वारोनला मेंडेलसोन माहीत होता की नाही कोण जाणे, पण आज ती पिंजऱ्यातली जर्मन बोलणारी आजी दिसली आणि मला तो गोल जिनाच आठवला.

लेकीचं म्हणणं वेगळंच होतं. ती म्हणाली, आई, त्या कीला स्वतःचं असं काही दिलंच नाहीये, सगळं तो गोरा माणूस करतो आणि ती नुसती पोट घेऊन त्याच्या मागे. आहे थोडं तसं. मला ते आवडत नाही पण आहे.

आता ते सांगते ज्यासाठी एवढं सगळं लिहायला बसले.

छावणीत नेणाऱ्या बसचा सीन आहे. कीला बसमध्येच कळा सुरू झाल्यात, सैनिक चढतात, त्यांचं लक्ष तिच्याकडे जाऊ नये म्हणून मिरियम, म्हणजे ती सुईण, मोठमोठ्याने प्रार्थना म्हणायला लागते. मग ते तिलाच धरतात, खाली उतरवतात, डोक्यावर काळी पिशवी घालतात. थिओ आणि की बसमध्येच बसून राहतात, दुसरं काही करूच शकत नाहीत. बस पुढे जाते. मिरियम परत कधीच दिसत नाही. पिक्चर तिच्याबद्दल एक शब्द नंतर बोलत नाही.

त्या दिवशी लाइनमध्ये आमच्या पुढे एक माणूस होता. तिशीचा असेल. श्रीलंकेचा असावा, किंवा बांगलादेशचा, आमचं बोलणं झालंच नाही. लेक रडायला लागली तेव्हा बिस्किट काढलेलं ना कुणीतरी, ते त्याने काढलं होतं. आणि गार्डला त्यानेच हाक मारली होती, "सर, बेबी, बेबी", दोनदा. गार्ड आला, आमच्याकडे बघून हसला, आणि त्याच्याकडे वळून कागद मागितले. काहीतरी कमी होतं, किंवा चुकीच्या दिवसाची अपॉइंटमेंट, मला नीट कळलं नाही. त्याला लाइनमधून बाहेर काढलं. अजून एक जण आला आणि त्याला बाजूच्या दाराने घेऊन गेले, दंडाला धरून. तो काहीतरी समजावून सांगत होता. आम्ही त्याच्याच जागेवरून पुढे सरकलो. नवरा पार्किंगहून येईपर्यंत मी आत हीटरजवळ बसलेले होते आणि लेक ते बिस्किट चोखत होती.

सोळा वर्षं मी ही गोष्ट बिस्किटाच्या आधीच्या वाक्यावर वळवते. "कुणीतरी" म्हणते. नवऱ्यालाही पूर्ण सांगितली नव्हती. मला कळत नाही मी त्या दिवशी काय करू शकले असते, मांडीवर पोर, हातात आमचेच पासपोर्ट, तोंड उघडलं असतं तर आमचंही काढलं असतं बाहेर असंच वाटलं तेव्हा. आत्ताही वाटतं. म्हणून सोफ्यावरच्या लोकांवर मी अशी चिडलेय ना, ते माझंही वाक्य आहे. मी फक्त ते मोठ्याने म्हटलं नव्हतं.

पाहुणे गेल्यावर लेक डिशवॉशर लावायला आली होती, तेव्हा तिला सांगितलं. पहिल्यांदा, सगळं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, दिसायला कसा होता तो? आणि मला चेहरा आठवेना. खूप वेळ आठवत बसले. टोपी होती की नव्हती तेही नाही. फक्त त्याच्या हातातली फाईल आठवतेय, निळी, प्लॅस्टिकची, बटणाची, आत कागदांना रंगीत चिठ्ठ्या लावलेल्या. आमच्याकडेही तीच होती. अजून आहे, वर लॉफ्टमध्ये, जन्मदाखल्यांच्या खोक्यात.