आर्द्रा नक्षत्र, पहिले चरण

गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या भावाच्या मुलीचे ऐरोलीला बारसे झाले आणि आत्या या नात्याने नाव ठेवण्याचा मान रीतीप्रमाणे माझ्याकडे आला. मान म्हणजे एवढेच, की पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगायचे आणि तेवढ्या वेळात मागे उभ्या असलेल्या बायकांचे पाठीवर पडणारे धपाटे हसत सोसायचे. नाव कोणते हे आईवडिलांनी सहसा आधीच ठरवलेले असते. या वेळी मात्र भावाने ते शोधण्याचे अर्धे कामही माझ्यावर सोपवले. "ताई, नाव कॉमन नको, एवढीच अट आहे," असे तो म्हणाला, आणि ही अट मला इतरांपेक्षा अधिक कळते हे त्याला ठाऊक होते.

माझे नाव वैशाली. ठाण्याच्या ज्या शाळेत मी शिकले, तेथे माझ्याच वर्गात तीन वैशाली होत्या आणि बाईंनी आमची मोठी वैशाली, छोटी वैशाली आणि चष्मेवाली वैशाली अशी विभागणी केली होती. दहावीत माझी चष्म्यातून सुटका झाली, तरी नावातून झाली नाही. तरीही मला त्या नावाचा राग कधी आला नाही, कारण आमच्या पिढीच्या आईवडिलांनी नाव वेगळे असावे असा आग्रहच धरलेला नव्हता. आजचे आईवडील मात्र वेगळेपणाच्या आग्रहाने महिनोन्महिने शोध घेतात आणि शेवटी सगळे एकाच दाराशी येऊन उभे राहतात, याचे मला नवल वाटते. माझा मुलगा बालवर्गात होता तेव्हा त्याच्या एका तुकडीत चार आर्या होत्या, त्यांतील दोन मुलगे आणि दोन मुली. त्या चौघांच्याही घरी ते नाव निवडताना ते अगदी वेगळे आहे असेच वाटले असणार.

याचे कारण माझ्या मते शोधण्याच्या पद्धतीत आहे. इंटरनेटवर 'युनिक नावे' असे लिहून शोधले की सर्वांना त्याच याद्या मिळतात. या याद्या बहुधा वर्णानुक्रमे असतात आणि रात्री बाळ झोपल्यावर अर्धवट मिटलेल्या डोळ्यांनी मोबाइल पाहणारा बाप त्या यादीत 'अ'च्या पुढे फारसा जात नसावा, असा माझा दाट संशय आहे. अद्वैत, अर्णव, आरव, अन्वी, आर्या ही नावे एवढी दिसतात ती उगाच नव्हे. त्या याद्यांमधील अर्थांविषयी तर न बोललेले बरे. रेयांश म्हणजे प्रकाशाचा किरण, असे मी तीन ठिकाणी वाचले. अंश म्हणजे भाग हे मला समजते, पण ज्याचा हा अंश तो 'रेय' कोण, हे मला कोणत्याही शब्दकोशात सापडले नाही. उलट विहान या नावाला, ते आता गल्लोगल्ली ऐकू येत असले तरी, पहाट हा सरळ आणि जुना अर्थ आहे.

आमच्या आईला पत्रिकेप्रमाणे नावरस अक्षर हवे होते, म्हणजे जन्मवेळी चंद्र नक्षत्राच्या ज्या चरणात असेल त्या चरणाच्या अक्षराने नाव सुरू व्हायला हवे होते. माझा त्यावर विश्वास नाही आणि भावाचाही नाही, पण गुरुजींनी पंचांगातले अवकहडा चक्र उघडून दाखवले तेव्हा मला त्यातली एक गंमत उमगली. सत्तावीस नक्षत्रे आणि प्रत्येकाची चार चरणे मिळून 108 चरणे होतात व प्रत्येक चरणाला एक अक्षर दिलेले असते. चंद्र ही सगळी फेरी साधारण 27.3 दिवसांत पूर्ण करतो, म्हणजे एका चरणात तो सुमारे सहा तासच असतो. एकाच प्रसूतिगृहात सकाळी आणि संध्याकाळी जन्मलेल्या दोन बाळांना म्हणूनच वेगवेगळी अक्षरे येतात. या चक्रात 'अ' हे अक्षर केवळ कृत्तिकेच्या पहिल्या चरणाला आहे. सगळ्यांनी हे चक्र इमानाने पाळले, तर शंभर बाळांमध्ये 'अ'चे जेमतेम एक निघेल. ज्योतिष म्हणून त्याचे मोल काय ते ज्याने त्याने ठरवावे. पण नावांची गर्दी एका जागी होऊ नये यासाठी टाकलेली चिठ्ठी म्हणून ही व्यवस्था मला त्या याद्यांपेक्षा पुष्कळ शहाणपणाची वाटली.

आमच्या बाळाचे निघाले आर्द्रा नक्षत्र, पहिले चरण. आर्द्रेची अक्षरे कु, घ, ङ, छ अशी आहेत. बाळ बारा तास उशिरा जन्मले असते तर 'ङ' वाट्याला येऊन मला आत्यापदाचा राजीनामाच द्यावा लागला असता. 'कु' ऐकून वहिनीचा चेहरा पडला, कारण मराठीत 'कु' उपसर्गाची ख्याती काही चांगली नाही. मला मात्र हायसे वाटले. यादीच्या पहिल्या पानापासून आपण आपोआप लांब गेलो होतो.

पूर्वी नाव वेगळे असण्याची एवढी निकड का नव्हती, याचाही मी या निमित्ताने विचार केला. आजोबांचे नाव नातवाला ठेवले जाई आणि थोरांचे नाव सुनांनी घ्यायचे नाही, म्हणून घरात त्या मुलाला बाळ, अप्पा, नाना असे काहीतरी म्हणत. एका आळीत तीन दत्तात्रेय असले तरी एक दत्तू, एक दत्तोबा आणि एक नुसताच भाऊ, असे त्यांचे वाटप झालेले असे. वेगळेपणाचे काम हाकेचे नाव करी आणि कागदावरचे नाव कागदावर राही. आता बालवर्गाच्या ओळखपत्रापासून कागदावरचेच नाव गळ्यात अडकते.

कागदाचा विषय निघालाच आहे, तर घाईत असलेल्या आईवडिलांना एक गोष्ट सांगते. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते हे खरे, पण त्या वेळी नाव लिहिलेच पाहिजे असे नाही. नाव पुढे बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत घालता येते. शिवाय 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी हाच दाखला शाळाप्रवेशापासून आधारपर्यंत सगळीकडे चालतो, म्हणून घाईने काहीतरी लिहून मग राजपत्रात नावबदलाची जाहिरात देत बसण्यापेक्षा महिनाभर थांबणे बरे.

आणखी एक हिशेब पुष्कळ जण विसरतात. नाव एकटे नसते, त्याच्यापाठी आडनाव असते. आमचे आडनाव जाधव आहे आणि नवी मुंबईत जाधव, पाटील, म्हात्रे किती आहेत हे सांगायला नको. ज्यांचे आडनावच दुर्मीळ आहे त्यांनी मुलीचे नाव खुशाल स्वरा ठेवावे, कोणाशी घोटाळा होणार नाही. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम आला आहे, त्यामुळे दोन स्वरा जाधवांमधला फरक निदान कागदावर तरी लवकर कळेल. हाक मारताना मात्र त्याचा उपयोग नाही.

'कु' येण्याच्या आधी मी दोन नावे सुचवली होती. गोदा हे नाव मला अतिशय आवडते. छोटे, नदीचे, आणि आमचे मूळ गाव नाशिककडचे. भावाने क्षणात सांगितले की शाळेत पोरे तिला 'गोदाम' म्हणतील, आणि स्वतः शाळेत इतरांना काय काय म्हणत असे हे आठवून तो बोलत होता, म्हणून मी ते सोडले. दुसरे वेणू. त्यावर शेजारचे तमिळ काका खळखळून हसले, कारण त्यांच्या सख्ख्या भावाचे नाव वेणू आहे आणि त्यांना भरघोस मिशा आहेत. ज्या इमारतीत चार भाषा बोलल्या जातात, तेथे नाव चारही भाषांच्या कानांनी ऐकून घ्यावे लागते. 'ज्ञ' असलेले नाव आपण एक तऱ्हेने उच्चारतो आणि हिंदी भाषक दुसऱ्या तऱ्हेने. 'ऋ'चे इंग्रजी स्पेलिंग तर प्रत्येक जण आपापल्या मनाने करतो. जे नाव जन्मभर फोडून सांगावे लागते ते दुर्मीळ असले तरी मला नको वाटते. मला हवे होते ते ऐकताच सगळ्यांना लिहिता येईल, पण त्या वयाच्या कोणाचेच नसेल असे नाव.

ते आजीकडे मिळाले. आमच्या आजीला सगळे सुशीला म्हणून ओळखत, पण ते तिचे सासरचे नाव. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने आजोबांनी ते लिहिले आणि तिचे माहेरचे नाव त्या दिवसापासून बंद झाले. आईला विचारले तेव्हा तिलाही आठवायला दोन दिवस लागले. कुमुद. चंद्र उगवल्यावर उमलणारे पांढरे कमळ. आपल्या घरांतल्या बायकांची अशी किती नावे एकेका ताटात राहून गेली असतील, आणि आपण मात्र वेगळे नाव म्हणून परदेशी वाटणारी अक्षरे जुळवत बसतो.

वहिनीच्या बहिणीने हे नाव एखाद्या सरकारी कचेरीतल्या बाईंचे वाटते, असे स्पष्ट मत दिले. ते चूक नाही. त्या बाई आता निवृत्त झाल्या आहेत आणि त्यामुळेच नाव मोकळे झाले आहे, असे मी तिला सांगितले. वहिनीने एक रात्र विचार करून होकार दिला.

बारशाच्या दिवशी पाठीत पुरेसे धपाटे खाऊन मी नाव मोठ्याने जाहीर केले, तेव्हा तळमजल्यावरच्या पाटील आजी घुगऱ्यांची वाटी खाली ठेवून पाळण्यापाशी आल्या. सोसायटीत गेली वीस वर्षे त्यांना सगळे पाटील आजीच म्हणतात आणि दारावरच्या पाटीवरही केवळ आडनाव आहे. बाळाच्या मुठीत आपले बोट देत त्या म्हणाल्या, "माझंपण हेच नाव आहे गं." म्हणजे त्या सोसायटीत आता दोन कुमुद आहेत. भावाची अट मोडली, हे मी कबूल करते. पण त्यांतल्या एकीला सध्या कमी ऐकू येते आणि दुसरी दिवसभर झोपलेली असते, त्यामुळे खालून हाक मारली तरी अजून घोटाळा झालेला नाही.