‘उपलब्ध’ कोणाला म्हणायचे?

सरकारी कंत्राटांतील वांशिक अल्पसंख्याक व महिला उद्योजकांचा वाटा थेट लोकसंख्येशी ताडून पाहावा, ही तुमच्या लेखातील सूचना अमेरिकेत न्यायालयात टिकणार नाही. व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड शहरात निम्मी वस्ती कृष्णवर्णीयांची असूनही १९७८ ते १९८३ या काळात बांधकामाच्या मुख्य कंत्राटांपैकी जेमतेम ०.६७ टक्के कामे अल्पसंख्याक व्यावसायिकांना मिळाली होती; तरीही उपकंत्राटांत ३० टक्के वाटा राखणारी शहराची योजना सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये रद्द ठरवली, कारण तुलना पात्र व्यवसायांशी व्हायला हवी होती. तेव्हापासून कंत्राटांतील असमानता मोजणारे अभ्यास या उद्योजकांना मिळालेल्या कामाचा टक्का ‘उपलब्ध’, म्हणजे ते काम करण्यास पात्र व तयार असलेल्या, व्यवसायांमधील त्यांच्या टक्क्याशी ताडतात.

मला काळजी आहे ती या ‘उपलब्ध’ शब्दाची. न्यू जर्सीत माझ्या वहिनी वायरिंगची कामे घेतात. एका मोठ्या कंत्राटदाराने निविदेत उपकंत्राटदार म्हणून त्यांचे नाव दाखवले आणि काम हाती आल्यावर त्यांना साधा फोनही केला नाही. त्या निदान यादीत तरी आहेत. पण काम पूर्ण होण्याची हमी देणारे हमीपत्र न मिळाल्यामुळे ज्यांना निविदाच भरता आली नाही, त्या बायका कोणत्याही आकड्यात येत नाहीत. म्हणूनच अशा व्यावसायिकांच्या मुलाखती या अभ्यासांच्या अहवालात परिशिष्टात ढकलू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.