तीन शतांशाचा गुन्हा

परवाच्या रविवारी माझी बोट पाण्याला न लागताच बाद झाली. कारण, 0.03 व्होल्ट. बरोबर वाचलंत. एवढ्या व्होल्टेजनं डाससुद्धा मरत नाही, माझी अख्खी हीट, म्हणजे शर्यतीतली एक पाळी, मेली.

प्रकार थोडक्यात असा. लॉस एंजेलिसच्या आसपासचं एक तळं (नाव सांगत नाही, तिथं परत तोंड दाखवायचंय), रिमोटवर पळणाऱ्या इलेक्ट्रिक बोटींची क्लबची शर्यत, आणि आमचा वर्ग फोर-एस, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या चार लिपो (लिथियम पॉलिमर) सेलचा बॅटरी पॅक. एक सेल पूर्ण भरला की 4.20 व्होल्ट. चार चोक सोळा, वरचे ऐंशी. क्लबचा नियम असा, की शर्यतीआधी टेबलावर मीटर लावल्यावर 16.80 च्या वर आकडा दिसता कामा नये. माझा पॅक घरच्या मीटरवर 16.79 होता. टेबलावर झाला 16.83.

नियम मूळचा वेडगळ आहे असं मी म्हणत नाही. मोटारीवर 1500 केव्ही लिहिलेलं असतं, म्हणजे लोड नसताना दर व्होल्टमागे मिनिटाला 1500 फेरे. फेरे वाढले की पाण्यातल्या पंख्याला लागणारी ताकद घनाच्या हिशेबानं वाढते. बाजारात 4.35 पर्यंत भरता येणारे एचव्ही, म्हणजे हाय व्होल्टेज, सेल मिळतात. तसले चार लावले की 17.40. व्होल्टेज साडेतीन टक्क्यांनी जास्त, ताकद कागदावर अकरा टक्क्यांनी. तेव्हा कुणीतरी मीटर घेऊन बसायलाच हवं. निकेल-कॅडमियमच्या जमान्यात बरं होतं, सेल 1.2 व्होल्टचा, बोटांवर मोजायचे नि सोडून द्यायचे. आता इथं अमेरिकेत मॉडेल बोटींच्या नाम्बा संघटनेच्या वर्गांना पी, क्यू, एस, टी अशी अक्षरं आहेत आणि पी म्हणजे चार सेल. युरोपात नाविगा या तसल्याच संघटनेचे लोक बॅटरी चक्क तोलून घेतात. मला ते जास्त पटतं. तराजूशी वाद घालायला कुणी जात नाही.

मीटरशी मात्र घालतात. म्हणजे मी घातला नाही. माझ्याबरोबर अण्णा होते.

अण्णा म्हणजे माझे सासरे. वीज मंडळातून ज्युनियर इंजिनियर म्हणून निवृत्त, सगळी नोकरी मिरजेच्या आजूबाजूला, सध्या लेकीकडे सहा महिन्यांच्या मुक्कामाला. रविवारी घरात बसून करायचं काय, म्हणून तळ्यावर आले. कानटोपी, थर्मास, आणि शर्टाच्या खिशात टेस्टर. पेन विसरतील, टेस्टर नाही. आल्या आल्या त्यांनी सरावाच्या दोन फेऱ्या बघितल्या आणि खूश झाले. या शर्यतीत बोटी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं वळतात.

"प्रदक्षिणा बरोबर घालतात," अण्णा म्हणाले. "संस्कार आहेत."

माझा पॅक बाद झाल्याचं त्यांना मी सांगितलं नव्हतं. माझ्या चेहऱ्यावरून त्यांनी ओळखलं आणि थर्मासचं झाकण हातात तसंच धरून थेट टेबलापाशी आले. टेबलामागे क्लबचे तपासनीस. रुंद टोपी, पांढरी दाढी, समोर लॅमिनेट केलेली नियमावली. फार शांत माणूस. अण्णांनी विचारलं, "व्हॉट इज द डिफेक्ट, सर?" त्यांनी आकडा दाखवला. अण्णांनी खिशातला टेस्टर काढला, मागच्या टोपीवर बोट ठेवलं आणि टोक माझ्या पॅकच्या सोनेरी कनेक्टरला टेकवलं. आतला निऑन साठ-सत्तर व्होल्टच्या खाली डोळा उघडत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरीही त्यांनी तो उन्हाला पाठ करून, हाताची सावली धरून नीट बघितला.

"नो सप्लाय," अण्णा म्हणाले. "जिथं सप्लायच नाही तिथं ओव्हरव्होल्टेज कुठनं आलं?"

"अण्णा, राहू द्या," मी म्हणालो.

"तुम्ही थांबा जावईबापू. सर, व्हॉट इज युवर टॉलरन्स?"

तपासनीस म्हणाले, टॉलरन्स वगैरे काही नाही. आकडा वर गेला की बाद.

"झीरो?" अण्णांचा आवाज खरोखर दुखावलेला होता. या माणसाची अख्खी हयात अधिक-उणे सहा टक्क्यांत गेली आहे. 230 म्हणजे खाली 216, वर 244, आणि मधे सगळी प्रजा सुखी. त्यांनी नियमावलीच्या कोपऱ्यावरच हिशेब मांडायला घेतला. लॅमिनेशनवर पेन उमटेना म्हणून शेवटी तोंडी सांगितला. सोळा-ऐंशीवर सहा टक्के धरले तर सतरा-ऐंशी. तोपर्यंत या माणसाला पास करणं भाग आहे.

"कुठल्या नियमानं?" तपासनिसांनी विचारलं. चेष्टा नव्हती, त्यांना खरंच उत्सुकता होती.

"इंडियन इलेक्ट्रिसिटी रूल्स, 1956. रूल चौपन्न."

मागे रांगेत उभ्या असलेल्या पोरानं फोन काढून शूटिंग सुरू केलं. मी माझ्या बोटीचं झाकण उगाचच उघडलं आणि लावलं. अण्णांचा पुढचा मुद्दा पंचनाम्याचा होता. त्यांनी आकडे टाकून वीज चोरणारे पकडलेले आहेत. रात्री डीपीवर जाऊन पकडलेले आहेत. पण पंचनामा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या असल्याशिवाय कुणाला हात लावलेला नाही. इथं तर माझी बोट नुसत्या तोंडी हुकमावर अडवली होती. "पुट इट इन रायटिंग," अण्णा म्हणाले. तपासनीस म्हणाले, कागद नाहीये. अण्णांनी थर्मासच्या पिशवीतून वही काढून दिली.

आणि ती देताना वाकले तेव्हा त्यांना ते दिसलं. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी मीटरच्या पडद्याला जवळजवळ नाक लावलं. वरच्या डाव्या कोपऱ्यात, आकड्यांच्या मानानं अगदी बारीक, बॅटरीचं चित्र लागलेलं होतं.

"सर," अण्णा हळू आवाजात म्हणाले, अगदी घरात कुणी आजारी असल्यासारखं, "युवर मीटर इज हंग्री."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : स्वस्तातल्या मीटरची स्वतःची नऊ व्होल्टची बॅटरी उतरली, की ज्या आतल्या संदर्भाशी तो तुलना करतो तोच खाली बसतो, आणि मग बाहेरचं सगळं जग त्याला आहे त्यापेक्षा जास्त दिसायला लागतं. शिवाय बॅटरी ताजी असली तरी असल्या मीटरची अचूकता अर्धा टक्का. 16.80 वर अर्धा टक्का म्हणजे आठ शतांश. ज्या उपकरणाला स्वतःला आठ शतांशांची मुभा, ते मला तीन शतांशांसाठी घरी पाठवत होतं.

कुणाच्या तरी खोक्यातून नवी नऊ व्होल्टची बॅटरी आली. मीटरचं मागचं झाकण उघडायला अण्णांचाच टेस्टर लागला. पुन्हा पिना टेकवल्या, 16.78. अण्णांनी टेबलाभोवतीच्या सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं.

आणि त्याच वेळी तळ्यावर भोंगा वाजला. माझी हीट संपली. सहा फेऱ्या, दीड-दोन मिनिटांचा सगळा खेळ, आमच्या पंचनाम्याच्या मानानं काहीच नाही. तपासनीस मनापासून हळहळले. पण तपासणीचा निर्णय त्या वेळच्या आकड्यावर, आणि तो अंतिम. शून्य गुण. चूक मीटरची, शून्य माझं. याचा राग मला अजून आहे. हे लिहून कमी होईल असं वाटलं होतं, होत नाहीये.

कारण खरी लबाडी त्या टेबलावर कधी पकडली जातच नाही. टेबलावर मीटर लावणं म्हणजे झोपलेल्या माणसाची नाडी बघून तो किती पळेल हे सांगणं. शर्यतीत मोटार शंभराच्या वर अँपियर ओढते तेव्हा माझा स्वस्तातला पॅक तेरापर्यंत खाली बसतो. शेजारच्या माणसाचा पॅक माझ्या दुप्पट किमतीचा, त्याचा अंतर्गत रोध कमी, तो चौदाच्या वर ठाम. तेवढ्यानं भागलं नाही तर लोक पॅक गरम पेटीत ठेवून आणतात, म्हणजे रोध आणखी उतरतो. आणि टेबलावर दोघांचेही 16.80, दोघेही सज्जन. पैशाला मर्यादा घालणारा मीटर कुणी आणत नाही. 1898 साली न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये टेस्लानं रेडिओवर चालणारी बॅटरीची बोट पहिल्यांदा लोकांना दाखवली. तेव्हा हौदाच्या काठाला टेबल टाकून कुणी बसलं नव्हतं याबद्दल माझी खात्री आहे. असतं तर तोही बाद झाला असता.

असो. पुढच्या हीटला दुसरा पॅक घेऊन गेलो, तर टेबलामागे अण्णा. तपासनिसांनी त्यांना शेजारी खुर्ची दिली होती आणि दोघांत थर्मासमधला चहा चालू होता. पिना अण्णांच्या हातात. त्यांनी माझ्याकडे न बघता पॅक घेतला, टेकवला, आकडा स्थिर होईपर्यंत थांबले.

"सोळा-ऐंशी. काठावर."

"काठावर म्हणजे पास, अण्णा. वर गेला तर बाद."

"दुसऱ्या कुणाचा असता तर पास. तुम्ही जावई. उद्या चार लोक म्हणतील, म्हातारा बसला नि घरचा माल पुढं ढकलला."

तपासनीस स्वतः म्हणाले, ओके आहे, जाऊ द्या. अण्णांनी त्यांना हातानंच थांबवलं. मग मी पार्किंगमध्ये जाऊन पॅकला दिव्यांची माळ लावून, घड्याळाकडे बघत, चार शतांश उतरवून आणले. धावत परत आलो तेव्हा बोटी सुटत होत्या. शेवटून दुसरा आलो.

घरी आल्यावर बायको म्हणाली, अण्णा आल्यापासून आज पहिल्यांदा इतके खुशीत आहेत. ते दिसतच होतं. जेवतानासुद्धा त्यांच्या डोक्यावरची क्लबची टोपी उतरली नाही. पुढच्या महिन्याच्या शर्यतीला तपासणीच्या टेबलावर या, असं रीतसर आमंत्रण आलंय, माझ्या फोनवर, त्यांच्या नावानं. मी त्या दिवशी भाग घेणार नाही असं जाहीर केलं आहे. पण अण्णांना गाडी येत नाही, तेव्हा सकाळी सातला तळ्यावर मला हजर राहावंच लागणार. टेबल मांडायच्या आधी मीटर तपासायचा आहे म्हणे.