धडा शेवटचा : नशा (परीक्षेला नाही)

शालेय पुस्तकात नशेवर धडा लिहायचं काम तुमच्याकडे आलंय? मग आधी जागा धरा. विज्ञानाचा अगदी शेवटचा धडा. फेब्रुवारीत पोर्शन उरकताना गुरुजी म्हणतील, "हे घरी वाचा रे."

पहिल्याच ओळीत अफू, चरस, गांजा, हेरॉईन, कोकेन एका दमात बसवा. चित्रात केस वाढलेला शहरी मुलगा, शेजारी कवटी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-चिकोडीकडच्या पोराला असा मुलगा भेटायचा नाही. नशा ही बेंगळूर-मुंबईची भानगड, असं त्याचं पक्कं होईल.

तंबाखूचं मात्र जपून. तिची दोन पुस्तकांत वाटणी करा: भूगोलात 'निपाणी भागातलं नगदी पीक', विज्ञानात 'घातक पदार्थ'. दोन्ही एका पानावर आली, की एखादं आगाऊ पोर विचारणार, "मग १९८१ ला निपाणीत भावासाठी शेतकरी रस्त्यावर बसले, गोळीबार झाला, तो घातक पदार्थापायी काय?" विड्या वळून हजारीच्या (दर हजार विड्यांमागच्या मजुरीच्या) पैशांत पोराची फी भरणारी आईही चित्रात नको.

मशेरी, मावा, पुडी हे शब्द वर्ज्य. 'मादक द्रव्यांचे सेवन' लिहा. आपल्याकडे ते कुणीच करत नाही, सगळे नुसते खातात. कर्नाटकात २०१३ ला गुटख्यावर बंदी आली, एवढं पुरे. पानमसाल्याची एक पुडी नि तंबाखूची दुसरी तोंडात एकत्र आल्या की काय तयार होतं, हा प्रयोग अभ्यासक्रमाबाहेरचा.

आणि उपयोगाचं काही शिरू देऊ नका. नुसत्या सुपारीनंही तोंडाच्या आतली कातडी ताठरते. निरोगी तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावतात. मावेनाशी झाली की दवाखाना गाठायचा. हे छापलंत तर अख्खा वर्ग तिथंच बोटं घालून बघेल, आणि मग गुरुजींनाही बघावं लागेल. तंबाखू सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस फार चिडचिड होते, लक्ष लागत नाही, पुढं काही आठवड्यांत ओसरत जाते, हेही गाळा. नाहीतर पोरगं तिसऱ्या दिवशी टिकून राहायचं. १४४४६ हा फुकटचा मदत क्रमांक तर नकोच, कुणी फिरवला म्हणजे?

उपक्रमात २६ जूनची, म्हणजे अमली पदार्थविरोधी दिनाची, प्रभातफेरी घाला, घोषणा यमकात हव्यात. शाळेपासून १०० यार्डांत तंबाखू विकायची नाही, असं २००३ चा केंद्राचा कायदा सांगतो, तेही खुशाल लिहा. फक्त यार्डाचे मीटर करायला सांगू नका. ९१.४४ येतात. पोरं टेप घेऊन कुंपणापासून मोजायला निघाली, तर ५० च्या आतच गुरुजींची उधारीची टपरी लागायची.