फॉर्म भरून घेण्याआधी जरा बसा आमच्याजवळ

आमच्या ब्रॅम्प्टनमध्ये निम्म्याहून जास्त लोक कॅनडाबाहेर जन्मलेले. त्यामुळे नव्याने आलेल्यांवर अभ्यास करायचा म्हटलं की विद्यापीठांची पावलं इकडेच वळतात.

काही वर्षांपूर्वी आमच्या गणेशोत्सवात अशीच एक टीम आली होती. महाप्रसादाच्या रांगेत लोकांना गाठून इंग्रजी फॉर्म भरून घेतले. मीच गळ घातली होती, "भरा हो, आपल्याच कामाचं आहे." पुढच्या गणपतीत लोक विचारू लागले, "त्या फॉर्मचं काय झालं गं?" काय सांगणार? ती टीम पुन्हा फिरकलीच नाही. त्यांचं काही गेलं नाही, शब्द माझा गेला. आजही ते मनाला लागतं.

म्हणून दुसऱ्या एका अभ्यासाचं बोलावणं आलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. पण या लोकांनी प्रश्न लिहायच्या आधी आम्हाला बोलावलं होतं. वेगवेगळ्या भाषांतल्या आम्ही पाच जणी. तासाचे पैसे ठरलेले, मुलाखत आणि संमती कशी घ्यायची याचं रीतसर प्रशिक्षण. इकडे याला पिअर रिसर्चर म्हणतात. टोरोंटोतली ॲक्सेस अलायन्ससारखी संस्था असं काम बरीच वर्षं करते आहे.

माझी पहिली मुलाखत सोलापूरहून नातवासाठी आलेल्या एका मावशींची. कागदावरचा प्रश्न होता, 'गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला किती वेळा उदास वाटलं?' मावशी मटार सोलत होत्या. म्हणाल्या, "छे, उदास कशाला? मुलगा-सून गुणाची आहेत."

मी कागद बाजूला ठेवला. "मावशी, दुपारी घर खायला उठतं का हो?"

हातातली शेंग तशीच राहिली. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सात वाजता सगळी जातात. खाली तो हीटर घरघरला की वाटतं, कुणीतरी आलं."

त्या दिवशी आम्ही मराठीतला तो प्रश्न बदलला. बाकीच्या चौघींनीही आपापल्या भाषेत आपला शब्द शोधला. प्रोफेसरबाईंनी त्यावर हुज्जत घातली नाही, याचं मला फार अप्रूप वाटलं.

आता ज्यावर मला खरं बोलायचंय ते. या मावशी सुपर व्हिसावर, म्हणजे इथे स्थायिक झालेल्यांच्या आईवडील, आजीआजोबांना मिळणाऱ्या व्हिसावर आहेत. त्या व्हिसावर एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं. पण केंद्र सरकारच्या पैशातून चालणाऱ्या सेटलमेंट सेवा, म्हणजे नव्याने आलेल्यांना इथे रुळायला मदत करणाऱ्या सेवा, मुख्यतः पीआर (कायमचा रहिवास मिळालेले) आणि निर्वासितांसाठी. पाच वर्षं राहणारी बाई कागदोपत्री पाहुणीच. स्टुडंट व्हिसावरची आपली पोरंही तशीच बाहेर. अभ्यासात कुणाला मोजायचं हे फक्त विद्यापीठात ठरलं, तर ही माणसं कुणाला दिसणारच नाहीत. दिसली नाहीत तर त्यांच्यासाठी पैसे कोण मागणार?

आमच्या ओंटारियो प्रांतात २००८ पासून लोकल इमिग्रेशन पार्टनरशिप आहेत. पालिका, शाळा, आरोग्यसेवा, संस्था नव्याने आलेल्यांसाठी एका टेबलाशी बसतात. चांगलंच आहे. पण गोदामात रात्रपाळी करून आलेला माणूस तिथे बसेल अशी वेळ ठेवा, मुलं सांभाळायची सोय करा. इथल्या फर्स्ट नेशन्सनी, म्हणजे कॅनडातल्या आदिवासी समाजांनी तर १९९८ मध्येच ओकॅप तत्त्वं मांडली : आमच्याविषयीच्या माहितीची मालकी आणि नियंत्रण आमचं. त्यांनी जे भोगलं त्याच्याशी आपली बरोबरी नाही. पण विद्यापीठाकडे हक्काने काय मागायचं, हे त्यांच्याकडूनच शिकावं.

आपल्या मंडळांनाही सांगते. कुणी फॉर्म घेऊन आलं तर दारातच विचारा : प्रश्न कुणी ठरवले, आमच्या माणसांच्या वेळेचे पैसे देणार का, आणि निष्कर्ष सांगायला कधी येणार? तारीख लिहून घ्या.

त्या दुसऱ्या टीमने तारीख पाळली. लायब्ररीत येऊन मराठीत सगळं वाचून दाखवलं. त्यातूनच दर गुरुवारी दुपारी दोनला ज्येष्ठांची बैठक सुरू झाली. आता बर्फ पडायला लागलाय आणि मावशींना बसने येता येत नाही. गुरुवारी गाडी काढू शकतील अशी दोन माणसं हवी आहेत. जमत असेल तर इनबॉक्समध्ये कळवा.